बाकड्यावरची चौकशी

मी सांख्यिकीत एम.एस्सी. केलं आहे. चार सेमिस्टर, डोळे चुरचुरेपर्यंत अभ्यास करून. पण बेळगावात, निपाणीत कुठेही माझ्या विद्यापीठाचं नाव सांगितलं की सांख्यिकीबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "तिथं पोरी ट्रॅक्टरवर बसून नाचत्यात म्हणं, व्हय?" कोल्हापूरला गेलं तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथले नातेवाईक माझी कर्नाटकातली डिग्री उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "हे इकडं चालतं काय?" मला या प्रश्नांचा मनापासून वैताग आहे. आणि वैताग आला की मला गौराक्का आठवते, कारण या सगळ्या प्रश्नांना तोंड द्यायला विद्यापीठाने जणू तिलाच नेमलं होतं.

गौराक्का आमच्या मुलींच्या हॉस्टेलची मेट्रन. वॉर्डन म्हणून एक प्राध्यापिका होत्या, पण त्या सहीपुरत्या. हॉस्टेल चालवायची गौराक्का. ती कंग्राळीहून सकाळच्या पहिल्या बसने यायची आणि आमचं जेवण उरकलं की शेवटच्या बसने जायची. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, सुती लुगडं आणि त्यावर बारा महिने तपकिरी स्वेटर. एप्रिलमध्येही स्वेटर. कुणी विचारलं तर म्हणायची, "थंडी काय सांगून येती व्हय?"

तिला आमची नावं येत नव्हती, किंवा ती घ्यायची नसावीत. ती गावाच्या नावाने हाक मारायची. "ए खानापूर, बादली उचल." "ए येळ्ळूर, दिवा मालव." येळ्ळूरच्या दोन मुली झाल्या तेव्हा थोरलं येळ्ळूर आणि धाकटं येळ्ळूर. मी हिंडलग्याची, म्हणजे तुरुंगाच्या गावची. पहिल्या दिवशी माझा फॉर्म वाचून तिने चष्म्यावरून बघितलं. "हिंडलगा व्हय? सुटून आलीस का पळून?" सगळा जिना हसला आणि मी दोन वर्षं हिंडलगा झाले.

आता चौकशीचं सांगते, कारण गौराक्का म्हणजे चौकशी. आमच्या भागात मुलीचं स्थळ बघितलं, की मुलाकडची माणसं गुपचूप तिच्या हॉस्टेलवर चौकशीला येतात. मुलीला सांगायचं नाही, तिच्या घरी सांगायचं नाही. गेटच्या आत चिंचेखाली सिमेंटचं एक बाकडं होतं. त्याच्यावर एखादा मामा, एखादा चुलता, कधी दोन बायका येऊन बसायच्या. गौराक्का तांब्याभर पाणी आणून ठेवायची, समोर पायरीवर बसायची आणि सुपात घेऊन लसूण सोलायला लागायची. पहिला प्रश्न तिचा असायचा.

"कुठनं आलासा?"

ते गाव सांगायचे. मग घसा खाकरून मुलीचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, वागायला कशी आहे, कुणाबरोबर फिरते, फोनवर किती असते. गौराक्का सगळं ऐकून घ्यायची. मान वर करायची नाही, त्यामुळे तिचा चेहरा कुणाला दिसायचा नाही. आणि मग म्हणायची, "पोरगी चांगली हाय. जेवल्यावर ताट स्वतः धुती."

संपलं. आलेला माणूस कन्नड असला तर तेच कन्नडमध्ये, "हुडगी छलो अदाळ," आणि पुढे ताटाचं. मेसचा नियमच होता की प्रत्येकीने आपलं ताट आपण धुवायचं. त्यामुळे वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि त्यातून कुणाला काही कळत नव्हतं. पदार्थविज्ञानाला पहिली आलेली एक मुलगी होती. तिचं स्थळ ठरलं तेव्हा तिचे वडील येऊन गौराक्कावर उखडले. "माझ्या पोरीनं सुवर्णपदक मिळवलं आणि तुम्ही ताटाचं सांगितलंत?" गौराक्का म्हणाली, "पदक त्यास्नी पेपरात दिसतंय की हो. ताट मीच बघतो न्हवं?"

एकदा एक फौजदारी थाटाचा माणूस आला आणि म्हणाला, मला जाण्यायेण्याचं रजिस्टर दाखवा. गौराक्काने मुकाट्याने आणून दिलं. हे रजिस्टर आम्ही कधीच लिहीत नसू. ती रोज संध्याकाळी स्वतः बसून भरायची आणि सगळ्यांच्या परतण्याची वेळ एकच लिहायची, पाच पंचेचाळीस. तो माणूस पानं उलटत गेला. "अहो, एवढ्या पोरी रोज पावणेसहालाच कशा येतात?" गौराक्का पाकळी सोलत म्हणाली, "गेट मोठं हाय."

आम्ही वरच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने उभ्या राहून हे ऐकायचो आणि तोंडात ओढणी कोंबून हसायचो. तेव्हा वाटायचं, काय बाई आहे! आज मागे वळून बघते तेव्हा चीड येते. अहो, आम्ही काही चोऱ्या करत नव्हतो. प्रयोगशाळेत उशीर व्हायचा, लायब्ररीत उशीर व्हायचा. सात वाजता आले तर सात लिहायला काय हरकत होती? पण सात हा आकडा आमच्या भागात मुलीच्या नावापुढे शोभत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि लोकांना तो आकडा पचवायला लावायचं सोडून तिने आमची वेळ बदलली.

माझ्या खोलीत शुभांगी होती, निपाणीकडची. घरी तंबाखू आणि ऊस. भाऊ नाही, वडिलांची कंबर गेलेली, त्यामुळे बारावीपासून ट्रॅक्टर तीच चालवायची. गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिला एम.एस्सी. संपवून बी.एड. करायचं होतं, शाळेत गणित शिकवायचं होतं. याच्यापलीकडे तिला काही नको होतं आणि यातलं काही सोडायचंही नव्हतं. गौराक्का तिला निपाणी म्हणायची आणि भाकरीचा पापुद्रा फुगलेला असेल तर ती भाकरी तिच्या ताटात टाकायची.

आमच्या विद्यापीठात दरवर्षी एथ्निक डे होतो. धोतर, नऊवारी, फेटे, इरकल, हलगी, लेझीम, सगळं. प्रत्येक विभागाची बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर निघतो. आणि सगळ्यात पुढे मुलींच्या हॉस्टेलचा ट्रॅक्टर, तो मुलीनेच चालवायचा, ही जुनी रीत. कुणी सुरू केली माहीत नाही. कोण चालवणार हे ठरवायची पद्धत मात्र कडक होती. जी मुलगी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये गेटातून आत घेईल, गेटला न घासता, ती. ज्यांनी हे केलं आहे त्यांनाच कळेल की ट्रॉली मागे घेणं म्हणजे काय. स्टिअरिंग एकीकडे, ट्रॉली दुसरीकडे. त्या वर्षी तिघीजणी फसल्या. शुभांगीने ओढणी कमरेला बांधली, एकदा मागे वळून बघितलं आणि एका दमात आत. गौराक्का पायरीवर उभी होती. तिने सूप खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. तिला टाळ्या वाजवताना मी तेवढंच एकदा बघितलं.

एथ्निक डेला गौराक्काने स्वतः ट्रॅक्टरला ऊस बांधले, नारळ फोडला, शुभांगीच्या फेट्याला टाचणी लावली. म्हणाली, "निपाणी, सरळ बघून चालव. माणसांकडं बघू नकोस." मिरवणूक गेटापासून मुख्य इमारतीपर्यंत झाली. शुभांगी जागची हललीसुद्धा नाही, नाचायचं तर लांबच. मागे ट्रॉलीत आम्ही नाचत होतो. कुणीतरी व्हिडिओ काढला, त्याला एक उडतं गाणं जोडलं, वर लिहिलं, "बघा आपल्या पोरी काय शिकत्यात," आणि दिला सोडून. दोन दिवसांत तो बेळगाव, चिकोडी, निपाणी, सगळीकडे. शिवी एकही नव्हती त्यात. शिवी असती तर भांडता तरी आलं असतं.

आठवड्याभरात बाकड्यावर दोन माणसं येऊन बसली. मी वर व्हरांड्यात होते. एक म्हातारे, मुलाचे वडील, पांढरी टोपी, हाताची बोटं तंबाखूने पिवळी झालेली. दुसरे त्यांचे मेहुणे. शुभांगीच्या चौकशीला आले होते. स्थळाचं आम्हाला माहीत होतं, कारण शुभांगीने स्वतः मुलाशी फोनवर बोलून घेतलं होतं. मुलगा हायस्कूलमध्ये शिक्षक होता आणि तिची दोन्ही शिक्षणं पूर्ण होऊ देणार होता. ती त्या स्थळावर खूश होती. हे स्थळ तिला हवं होतं, असं स्पष्टच लिहिते, कारण पुढे सगळेजण याबद्दल असं बोलले की जणू तिला काही मत नव्हतं.

पाणी झालं, गाव विचारून झालं, लसूण सुरू झाला. म्हाताऱ्यांनी इकडचं तिकडचं न बोलता खिशातून फोन काढला. "ही ट्रॅक्टरवरची पोरगी, ती हीच न्हवं?"

गौराक्काचे हात थांबले. मला वरून दिसलं. मग तिने नेहमीचं वाक्य म्हटलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या मनाने बोलली. "न्हाय बा. ती आमची न्हवं. कुठल्या कॉलेजची हाय काय की. तुमची पोरगी लई गरीब. मान वर करून चालत न्हाय. तिला सायकल बी येत न्हाय."

म्हाताऱ्यांनी फोन खिशात ठेवला. मेहुण्यांकडे बघितलं. पाणी पिऊन दोघे निघून गेले. मी जिन्यावरून उड्या मारत खोलीत गेले आणि शुभांगीला सांगितलं, "वाचलीस गं! गौराक्काने काय फेकली!" शुभांगी हसली नाही. म्हणाली, "सायकल येत न्हाय म्हणून सांगितलं? मला?" मला वाटलं, उगीच मानापमान करते आहे.

दहाएक दिवसांनी तिच्या वडिलांना निरोप आला. स्थळ मोडलं. त्या माणसांना ट्रॅक्टर चालवणारीच सून हवी होती. त्यांच्याकडे वीसेक एकर, मुलगा शाळेत शिकवणारा, म्हातारा थकलेला. शुभांगीच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं की माझी पोरगी मुलासारखं सगळं शेत बघते. म्हाताऱ्यांनी व्हिडिओ बघितला तेव्हा ते उलट हरखले होते, घरात सगळ्यांना दाखवला होता, मुलगी हीच असली तर साखरपुडा लगेच करू म्हणाले होते. खात्री करायला आले आणि हॉस्टेलच्या मेट्रनने सांगितलं, ती ही नव्हे, हिला सायकलही येत नाही. निरोपात एवढंच होतं की पहिल्याच गोष्टीत खोटं निघालं तर पुढं कसं व्हायचं.

शुभांगीच्या वडिलांनी "तीच माझी पोरगी" असं सांगून टाकायला हवं होतं. पण तोवर भावकीतही व्हिडिओ पोचला होता आणि त्यांनी भीतीने सगळ्यांना सांगितलं होतं, ती आमची नव्हे. गौराक्काने जे केलं तेच बापाने केलं होतं, फक्त गाव वेगळं. आता शब्द फिरवायचा तर भावकीसमोर मान खाली. त्यांनी स्थळ जाऊ दिलं. शुभांगीने स्वतः मुलाला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

मी गौराक्काकडे गेले आणि मोठ्याने बोलले. तिच्याशी मोठ्याने बोलायची आमची कुणाची टाप नव्हती, पण मी बोलले. "तुमचं नेहमीचं का नाही म्हणालात? ताटाचं! तेवढंच म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं!"

तिने चष्मा काढून लुगड्याला पुसला. मग म्हणाली, "बावीस वर्सं या बाकड्यावर माणसं बघत आलो गं मी. ट्रॅक्टर चालवणारी पाहिजे म्हणून एक बी आला न्हवता. मला काय म्हाईत, असली माणसं बी असत्यात?"

मला राग तिच्यावर होता आणि तो तिच्यावर टिकेना, म्हणून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी गौराक्का आली नाही. तिने रजा घेतलेली कुणाला आठवत नव्हती. संध्याकाळी भाजी दुसऱ्याच बाईने वाढली. तिसऱ्या दिवशी ती आली आणि वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "निपाणीला गेलतो. पुढं वडापच्या जीपनं त्यांच्या गावाला. म्हाताऱ्याला सांगितलं, मी खोटं बोललो, पोरगी तीच हाय."

"मग?"

"च्या दिला. म्हणाला, 'बाई, तवा खोटं बोललासा, आता खरं बोलतासा कशावरनं?'" तिने डाव पातेल्यात ठेवला. "बरोबर हाय की त्याचं. जेव तू."

तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाली आणि शुभांगीचे वडील ट्रंक न्यायला आले. आता उशीर नको, हातात आहे ते स्थळ करून टाकू, असं ठरलं होतं. नवी माणसंही बाकड्यावर येऊन गेली होती. त्यांना गौराक्काने नेमकं तेच वाक्य सांगितलं होतं, पोरगी चांगली हाय, ताट स्वतः धुती, आणि त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं होतं. एक सेमिस्टर राहिलं होतं. एकच! मी तिच्या वडिलांना म्हटलं, काका, पाच महिने फक्त. ते म्हणाले, "व्हय बाळ," आणि ट्रंक उचलली. गौराक्का गेटपर्यंत आली. शुभांगी तिच्या पाया पडायला वाकली तर ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "नको. मला नको."

पुढच्या वर्षापासून हॉस्टेलचा ट्रॅक्टर मुलगे चालवायला लागले. कुणी बंदी घातली नाही. मुलीच नको म्हणाल्या. माझ्या चौकशीलाही माणसं आली, त्यांनाही ताटाचं कळलं आणि माझं लग्न झालं. मी आता बेळगावात पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवते. घरी पाहुणे आले की नवरा अजून चिडवतो, "ताटं राहू देत, आमच्याकडे सर्टिफिकेटवाली आहे."

यंदा धाकट्या दिरासाठी मुली बघत होतो. एक स्थळ आलं, मुलगी माझ्याच विद्यापीठात, माझ्याच हॉस्टेलात. सासूबाई म्हणाल्या, "तुझंच हॉस्टेल की गं. चल, जाऊन येऊ. तुला खरं ते कळंल." मी नाही म्हणायला हवं होतं. मुलीला फोन करा, तिच्याशीच बोला, असं म्हणायला हवं होतं. मी रोज वर्गात मुलींना केवढी भाषणं देते! पण मी साडी बदलली आणि गेले.

चिंच तीच, बाकडं तेच, एक कोपरा फुटलेला. गौराक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. केस पूर्ण पांढरे झालेले. स्वेटर तोच असावा. मी हसले. ती हसली नाही. पायरीवर बसली, सूप पुढ्यात घेतलं आणि लसणावर नजर ठेवून विचारलं,

"कुठनं आलासा?"

मला वाटलं, विसरली. वय झालं. मी पदर सारखा करत बसले. सासूबाईच म्हणाल्या, "बेळगावास्नं." मग त्यांनी मुलीचं नाव घेतलं आणि मला कोपराने ढोसलं. कुजबुजल्या, "ते विचार की. ट्रॅक्टरबिक्टरवर चढत न्हाय न्हवं?"

आणि मी विचारलं. शब्द थोडे सभ्य केले, एवढंच. "मुलगी तशी... फार पुढे पुढे करणारी नाही ना?" हे माझ्या तोंडून निघालं. व्हरांड्यात वर कपडे वाळत होते आणि दोनतीन मुली वाकून बघत होत्या. त्यांच्या तोंडात ओढणी असणार, हे मला न बघता माहीत होतं.

गौराक्काने एक पाकळी सोलली, सुपात टाकली. दुसरी घेतली.

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "जेवल्यावर ताट स्वतः धुती."

सासूबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे एवढंच का? मी मान हलवली. एवढंच असतं. आम्ही पाणी प्यायलो आणि उठलो. गेटपर्यंत जाताना सासूबाई म्हणत होत्या की बाई जरा तुटकच आहे, ओळखलंसुद्धा नाही तुला. गेटातून बाहेर पडलो तेव्हा मागून हाक आली, तीच, कोरडी, दोन वर्षं ऐकलेली.

"ए हिंडलगा, गेट लावून जा. गुरं आत शिरत्यात."

मी वळून बघितलं. तिने मान वर केलेली नव्हती. ती लसूण सोलत होती. मी बाहेरून हात घालून कडी लावली.